बंद केल्यावर थांबलं का?

९ नोव्हेंबर

नवी खोली, नवा फोन आणि दारावर नवी पाटी, 'सुरक्षा कक्ष'. कक्षात मी एकटी. इतकी वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून काढली, आता दिवसभर बसायचं म्हटल्यावर पायांनाच चुकल्याचुकल्यासारखं होतंय. नवरोबा म्हणाला, "बढती म्हणजे खुर्ची मिळणं, हे तुला आत्ता कळलं?" भूगोल शिकवणाऱ्या माणसाने विनोद करू नयेत.

कंपनी एकाच वनस्पतीवर उभी आहे, अश्वगंधा. तिचं मूळ वाळवायचं, दळायचं आणि कॅप्सूलमध्ये भरायचं. लोक झोपेसाठी घेतात, ताणासाठी घेतात. मालकांना सगळे माघारी 'मूळपुरुष' म्हणतात, पुढ्यात अर्थातच 'सर'. माणूस ढोंगी नाही, स्वतः रोज घेतो. त्यांच्या आजीने हे मूळ गावभर दिलं आणि कुणाचं काही वाईट झालं नाही, हे ते इतक्या मायेने सांगतात की पुरावा मागायची लाज वाटते. पण मला ठेवलंय ते पुरावा मागायलाच.

कामं दोन. एक, या मुळाच्या माणसांवर झालेल्या चाचण्या वाचून सुरक्षिततेचा अहवाल लिहायचा. नव्या मोठ्या बाटलीवर सूचना काय छापायच्या ते त्यावरून ठरणार. दुसरं, तक्रारीचा फोन घ्यायचा. त्यासाठी चार प्रश्न लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवलेत. कधी सुरू केलंत? आणखी काय घेता? बंद केल्यावर थांबलं का? पुन्हा घेतल्यावर परत आलं का? शेवटचे दोन खरे महत्त्वाचे. माणूस ऐकीव सांगतो, वाचलेलं सांगतो, पण ही बंद-सुरूची गोष्ट सहसा खोटं बोलत नाही.

१४ नोव्हेंबर

झोप नाही. नव्या कामाची धास्ती, दुसरं काय! मूळपुरुषांना माझे तारवटलेले डोळे दिसले असावेत. म्हणाले, "अहो बाई, समुद्रात राहून तहानलेल्या कशाला राहता?" आणि एक बाटली टेबलावर ठेवून गेले.

घ्यायला हरकत नाही. माझी थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी असते, ती काय, दात घासण्यासारखी झाली आहे. कॅप्सूल दोन्ही जेवणांनंतर घेईन. गोळी शोषली जाण्यात अडथळा नको म्हणून दोन औषधांत अंतर ठेवावं, एवढं काउंटरमागे शिकले आहेच.

२ डिसेंबर

झोप लागते! पडले की गाढ. खोटं कशाला बोलू, मूळ काम करतं.

चाचण्या वाचून होत आल्या. बहुतेक लहान आहेत आणि थोड्याच आठवड्यांच्या. पण झोपेला आणि ताणाला फायदा दिसतो, आणि गंभीर त्रास जवळजवळ नाहीच. यकृताला सूज आल्याच्या तुरळक नोंदी वेगळ्या सापडल्या, त्या अहवालात घेतल्या. मोठा तक्ता केला आहे. किती माणसं, किती मुदत, काय त्रास, कोणाला वगळलं. शेवटच्या रकान्यात जवळपास सगळीकडे तेच येतं, गरोदर बायका वगळल्या, यकृताचे रोगी वगळले, थायरॉइडचे रोगी वगळले. शेवटी कंटाळून वरचंच खाली उतरवत गेले. असो, निवड नेटकी असली की निष्कर्षही नेटका येतो.

११ डिसेंबर

आज घरात खिडकीवरून भांडण. मी उघडते, हा लावतो. बाहेर थंडी आहे हे मलाही कळतं, पण खोलीत जीव गुदमरतो त्याला काय करू? तो उशी उचलून बाहेरच्या खोलीत झोपायला गेला. एवढ्या वर्षांनी नवरा खिडकीपायी वेगळा झोपतो. माणसं वय झालं की थंड पडतात.

माझा मात्र उत्साह दांडगा आहे. पायाला भिंगरी लागल्यासारखी ऑफिसात फिरते. दुपारपर्यंत फाइली लावून टाकल्या, मग कपाटाची जागा बदलली, मग पुन्हा होती तिथे आणली.

१९ डिसेंबर

एक फोन डोक्यातून जात नाही म्हणून लिहिते.

बाई शिवणकाम करतात. आवाज ठसठशीत, बोलणं टाक्याला टाका लावून. म्हणाल्या, "तुमच्या कॅप्सूलने झोप छान लागली हो सुरुवातीला. पण आता हात थरथरतो. सुई ओवता येत नाही. गिऱ्हाईक समोर बसलंय आणि मी आपली दोऱ्याला थुंकी लावतेय, सुईचं नाक कुठेय ते शोधतेय. हे तुमच्या औषधाने होतंय, का माझी वेळ आली?"

मी काचेखालचे प्रश्न विचारले. कधी सुरू केलंत? "दिवस थोडे लहान व्हायला लागले तेव्हा." आणखी काय घेता? "काही नाही. थायरॉइडची गोळी तेवढी, पण ती कितीतरी वर्षांची. ती काय औषध म्हणायची!" मला हसू आलं, मीही अगदी हेच म्हणते. बंद करून पाहिलंत? "बंद कशाला करू? पूर्ण बाटली घेतल्याशिवाय गुण येत नाही म्हणतात ना?"

मी सांगितलं, चाचण्यांमध्ये असा त्रास दिसलेला नाही. आणि त्यांना धीर यावा म्हणून पुढे म्हटलं, "मी स्वतः तीच गोळी घेते आणि हीच कॅप्सूल घेते. मी ठणठणीत आहे."

त्या म्हणाल्या, "म्हणजे हातच गेले म्हणायचे." मी म्हटलं, डोळे तपासून घ्या. नोंदीत 'संबंध: असंभव' लिहिलं. लिहिताना अक्षर एवढं वाकडं आलं की पुन्हा लिहावं लागलं. पेनच बदलायला हवं.

२२ डिसेंबर

मूळपुरुषांवर ओरडले. त्यांनी फक्त विचारलं होतं की अहवाल कधी. बाहेर गोदामात सगळे माना खाली घालून बाटल्या भरत राहिले. छाती एवढी धडधडत होती की माझी मलाच ऐकू येत होती. मग जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "ताण फार घेता. एकाच्या दोन घ्या हवं तर." आजपासून दोन-दोन.

२६ डिसेंबर

ताईकडे आले आहे. जिन्यावरून घसरून तिने पाय मोडून घेतला. तिचं घर आवरायला कुणी नाही, मी रजा टाकली. दारातच म्हणाली, "अगं, किती वाळलीस! तुला खायला घालत नाही का तो?" मोडलेला पाय तिचा आणि कीव माझी.

घाईत कॅप्सूलची बाटली उशाशीच राहिली. थायरॉइडची गोळी पर्समध्ये असते म्हणून वाचले.

८ जानेवारी

उद्या निघायचं. ताई कुबड्यांवर स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि तिथे उभी राहून मला शिकवते.

इथे काहीतरी आहे खरं. पहिले काही दिवस माझी तगमग तशीच होती, मग हळूहळू शांत होत गेले. काल ताईने बटण तुटलेला झगा पुढे केला, मी दोरा ओवून लावूनही टाकला. रात्री पांघरूण हवंसं वाटतं. ऑफिसपासून लांब आलं की माणूस माणसात येतो. आज ताईला म्हटलं, तुझ्या घराला हवा चांगली आहे. ती म्हणाली, "हवा कसली, मागच्या गल्लीतल्या गॅरेजचा धूर आहे."

१० जानेवारी

घरी. उशाशी बाटली तशीच होती. कामाचा डोंगर बघून दोन-दोन पुन्हा सुरू केल्या. पंधरवडाभर खाडा झाला, भरून काढायला हवा. नवरोबा पुन्हा आतल्या खोलीत झोपायला आला आहे. म्हणतो, "तू खिडकी लावलीस, मी आलो." बघू किती दिवस.

२४ जानेवारी

खिडकी. उशी. बाहेरची खोली. पुन्हा तेच.

अहवाल संपला. 'सर्वसाधारणपणे सुरक्षित.' सूचना एकच, गरोदरपणात घेऊ नये. मूळपुरुषांनी तो दोन्ही हातांत धरून वाचला. त्यांचे डोळे पाणावले. म्हणाले, "आजी असती तर!" मला काही म्हणजे काही वाटलं नाही. मी त्यांच्या टेबलावरच्या टाचण्या डबीत भरत उभी होते आणि त्या पडत होत्या. मोठ्या बाटलीचं लेबल छापायला जाईल.

शिवणबाईंचा पुन्हा फोन आला होता. डोळे तपासले, चांगले निघाले. आवाजातला ठसका गेला आहे. म्हणाल्या, "तुम्ही स्वतः घेता म्हणालात, म्हणून मी सोडली नाही." मी बरं म्हटलं. तेवढ्यात लाइनवर दुसरा फोन आला.

२९ जानेवारी

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहायचं आहे, म्हणून आधी खोलीत फेऱ्या मारून आले.

दरवर्षीची थायरॉइडची रक्ततपासणी होती. आमच्या डॉक्टरीणबाईंनी अहवाल बघितला, मग मला बघितलं, मग माझा हात समोर धरायला लावून त्यावर एक कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. म्हणाल्या, "गोळी दुप्पट घेताय की काय?"

मला राग आला. मी फार्मसी शिकले आहे, गोळ्या मोजता येतात मला, असं म्हटलं. त्या शांतच. "थायरॉइडचं प्रमाण वर गेलंय. धडधड, घाम, वजन उतरलेलं, हात कापतोय. आणखी काय घेता?"

मी म्हटलं, "काही नाही."

"काहीच नाही?"

"म्हणजे अश्वगंधा घेते, पण ते काही औषध नाही. ते मूळ आहे."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि माझंच मला ओळखीचं वाटलं. असं मला फोनवर किती जण म्हणतात! पण तरीही घोडं पेंड खात होतं. मी त्यांना समजावू लागले की दोन्हींत चांगलं अंतर ठेवते, एक पहाटे, दुसरं जेवणानंतर. त्या म्हणाल्या, "अंतर पोटात ठेवलंत. रक्तात कसं ठेवणार? तुमची गोळी थायरॉइडचं हॉर्मोन पुरवते. हे मूळ काही जणांत ते आणखी वाढवतं, तशा नोंदी आहेत. सगळ्यांना होतं असं नाही. मधे कधी बंद केलं होतंत?"

"हो. ताईकडे गेले होते तेव्हा."

"तेव्हा त्रास थांबला होता?"

मला ताईचा झगा आठवला, बटण आठवलं, पांघरूण आठवलं.

"पुन्हा घेतल्यावर परत आला?"

माझ्या काचेखालचे प्रश्न माझ्याकडे बघून कुणीतरी विचारत होतं, आणि दोन्हींची उत्तरं मी आधीच जगून बसले होते. काखेत कळसा म्हणतात, माझ्या तर डोक्यावर होता.

मग तो शेवटचा रकाना. थायरॉइडचे रोगी वगळले. वगळले, वगळले, वगळले. मी माझ्या हाताने वरून खाली उतरवलं होतं. त्या सगळ्या चाचण्या सांगतात की हे मूळ बऱ्याच लोकांना थोडे आठवडे सोसतं. कोणत्या लोकांना? मी सोडून बाकीच्यांना. मला आधीच दाराबाहेर उभं केलं होतं आणि मी बाहेर उभी राहून आत सगळं ठीक आहे असं लिहीत होते.

डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूल बंद करायला सांगितली, गोळी तशीच चालू ठेवायची, काही आठवड्यांनी पुन्हा रक्त. "मूळ वाईट नाही," त्या म्हणाल्या. "पण कुणाला द्यायचं नाही हे ठाऊक नसेल, तर चांगलं मूळही काय कामाचं?"

रस्त्यात एकाएकी शिवणबाई आठवल्या. मी ठणठणीत आहे, असं मी त्यांना म्हटलं होतं. भर रस्त्यात रडू आलं. रुमालही सापडेना.

३० जानेवारी

सकाळी आधी त्यांना फोन केला. खूप वेळ वाजला. उचलल्यावर सगळं एका दमात सांगितलं. माझं चुकलं, औषधाचा दोष असू शकतो, आजच बंद करा, थायरॉइडची गोळी मात्र मुळीच सोडू नका, डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासा.

त्या ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे हात थांबेल?"

"माझा एकदा थांबला होता. तुमचा थांबेलच असं छातीठोक नाही सांगता येत."

"मागच्या वेळी तर छातीठोक सांगितलंत."

त्या पुढे म्हणाल्या, "मशीन परवाच जावेला दिली. तिची मुलगी शिकतेय. घरात बिनकामाची ठेवून रोज तिच्याकडे बघायचं कशाला? बाळंतपणानंतर पहिल्यांदा उठले ती त्या मशीनवर बसायला उठले होते, बाई. दारातून नेताना मी मोरीत जाऊन नळ सोडून बसले."

मी माफ करा म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. बरोबरच केलं.

३१ जानेवारी

मूळपुरुषांसमोर अहवाल फाडला नाही, नाटकं येत नाहीत मला. नवं पान जोडलं आणि म्हटलं, लेबलवर ओळ हवी. थायरॉइडचा आजार असलेल्यांनी, त्याची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. यकृताचा त्रास असलेल्यांसाठीही हवी. कावीळ दिसली तर लगेच बंद करावं, हेही हवं.

ते म्हणाले, "लेबलं छापून आली. बाटल्यांना लागली. एखाद्या माणसाच्या तक्रारीवरून?"

"दोन."

"कोण कोण?"

"शिवणकाम करणाऱ्या बाई. आणि पहिली मी. तुमच्यावर ओरडले होते ना, ते मी नव्हते, ती कॅप्सूल होती. म्हणजे थोडी मीही असेन."

ते हसले नाहीत. "माझ्या आजीने जन्मभर दिलं हे. आंधळेपणाने नव्हतं देत ती. माणूस बघून द्यायची."

"मग बघूनच द्यायची ना! आपण बघतो कुठे? आपण बाटली विकतो. आणि त्यांच्या काळी कुणी सकाळी उठून थायरॉइडची गोळी घेत होतं का?"

वाटलं, गेली नोकरी. ते उठून गोदामाच्या दारात गेले. तिथे खोक्यांवर खोकी रचलेली. पाठमोरेच म्हणाले, "चिकटपट्टी छापून घ्या. लाल अक्षरात. एकही बाटली तशी जाणार नाही." आणि मग, एकदम लहान आवाजात, "माझी बहीणही ती गोळी घेते हो. दर महिन्याला मीच पाठवतो तिला बाटली." तिथूनच तिला फोन लावला.

६ फेब्रुवारी

सगळं ऑफिस चिकटपट्ट्या लावतंय. मूळपुरुषही बाह्या वर करून बसले. माझ्या हाताने अजून तिरक्या लागतात, त्या ते सरळ करतात. नवरोबाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी महिनाभर एका मुळापायी बाहेरच्या खोलीत गारठलो?" आणि उशी घेऊन आत आला. मी त्याला थंड पडलास म्हणणार होते कधीतरी, ते इथेच राहू दे.

जुन्या नोंदी पुन्हा काढल्या आहेत. ज्या ज्या ठिकाणी 'असंभव' लिहिलंय, त्या प्रत्येकाला पुन्हा फोन करते. काही जण चिडतात, काहींना आठवतही नाही. एक आजोबा म्हणाले, "मला काही झालेलं नाही, पण फोन करत जा." शिवणबाई उचलत नाहीत.

२ मार्च

रक्त तपासलं, प्रमाण खाली आलंय. हातावर कागद ठेवून पाहिला, तो पडून राहिला. आनंद झाला आणि लगेच ओशाळल्यासारखंही वाटलं.

१३ मार्च

आज तक्रारीच्या फोनवर ओळखीचा आवाज. "तक्रार लिहून घ्या."

मी पेन उचललं. काय होतंय, विचारलं.

"हात थांबला. डॉक्टर म्हणाले रक्तातलं उतरलंय. आज सुई ओवली, एका खेपेत. मग दुसरी ओवली, मग घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या ओवून ठेवल्या. आता शिवू कशावर?"

ठसका परत आला होता. मग विचारलं, "जाऊबाई कुठे राहतात?"

"का?"

"मशीन परत मागायला जाऊ. मी येते तुमच्याबरोबर. दोष तुमच्या हातांचा नव्हता, हे त्यांना सांगायला कुणीतरी नको का?"

पलीकडे सुयांच्या डबीचं झाकण लावल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "रविवारी या. चहाला या, जेवायला नको. अजून रागावलेय मी."